आज रात्री जेवायला काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजच्या मराठी स्वयंपाकाबद्दल मला जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान येतात, म्हणजे विचारणारी व्यक्ती ओट्याशी उभी असते आणि तिला उत्तर आत्ता हवं असतं. म्हणून प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचलं तरी कळेल असं लिहिलंय. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिलाय.

१. रोज संध्याकाळी "आज काय करू?" यातच अर्धा तास जातो. ठरवायचं कसं?

आपण "काय खावंसं वाटतंय" इथून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. त्याऐवजी भाजीची टोपली आणि फ्रीज उघडून एवढंच बघा: उद्यापर्यंत काय टिकणार नाही? ते आज करायचं. मेथी, पालक, चुका, कोथिंबीर यांना दोन दिवसांच्या वर दम नसतो. भेंडी, गवार, वांगी तीन-चार दिवस निघतात. कोबी, दुधी, गाजर आठवडाभर. बटाटे, कांदे, लाल भोपळा हा राखीव साठा, त्याला आज हात लावायचा नाही.

भाजी ठरली की तिच्याशी काय जातं ते आपोआप ठरतं. वांगं असेल तर भाकरी, भेंडी असेल तर पोळी, पालक निघाला तर ताकातली पातळ भाजी आणि भात. शेवटचा प्रश्न, घरातले सगळे एकाच वेळी जेवणार आहेत का. नसतील तर गरम करून चांगले लागणारे पदार्थ घ्या. आमटी, उसळ, रस्सा तासभर मुरला तर बिघडत नाही, उलट सुधारतो. भेंडी आणि काचऱ्या मात्र थांबल्या की मान टाकतात.

टोपली रिकामीच असेल तर प्रश्न ४ पाहा.

२. रात्री वरण, भात, भाजी, पोळी असं सगळं हवंच का?

नाही. मला याबद्दल जरा ठाम मत आहे. चारी ठाव स्वयंपाक दोन्ही वेळा ही पद्धत ज्या घरांतून आली, तिथे स्वयंपाकघरात एकावेळी दोन-तीन बायका असत. आज एकटी व्यक्ती कामावरून येऊन तेच ताट उभं करायला बघते आणि ते जमलं नाही की तिलाच अपराधी वाटतं.

रात्रीसाठी माझा हिशेब तीन गोष्टींचा आहे. एक धान्य, एक डाळ किंवा कडधान्य, आणि काहीतरी कच्चं किंवा हिरवं. मुगाची खिचडी, भाजलेला पापड आणि काकडीची कोशिंबीर यात तिन्ही आलं. पिठलं-भाकरी आणि कांद्यासोबत मुळ्याचा पाला, यातही आलं. वरणफळं हा तर सगळ्यात शहाणा पदार्थ. कुठे चकोल्या म्हणतात, कुठे डाळफळं. आमटीतच कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडायचे, वर तूप. एक पातेलं, एक चमचा, भांडी घासायलाही कमी.

३. माणशी किती तांदूळ, किती डाळ? दरवेळी एक तर उरतं नाही तर कमी पडतं.

नेहमीची आमटीची वाटी घ्या, साधारण दीडशे मिलिलिटरची. पोळीसोबत भात असेल तर माणशी पाव ते अर्धी वाटी तांदूळ, नुसताच भात असेल तर पाऊण वाटी. चौघांच्या वरणाला पाऊण वाटी तूरडाळ पुरते. खिचडीला दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ घ्या, मऊ हवी असेल तर निम्मं-निम्मं. कणकेच्या एका वाटीत मध्यम आकाराच्या चार-पाच पोळ्या होतात, ज्वारीच्या पिठाच्या एका वाटीत दोन भाकऱ्या.

पिठलं करताना बेसन फार फुगतं हे विसरू नका. चौघांना एक वाटी बेसन भरपूर होतं. पहिल्यांदा करणारे हमखास दोन वाट्या घेतात आणि मग ते तीन दिवस खातात.

४. घरात भाजीच नाही. आता?

मराठी स्वयंपाकात सगळ्यात मोठी यादी याच प्रसंगाची निघेल, कारण उन्हाळ्यात आणि भर पावसात भाजी न मिळणं ही जुनी गोष्ट आहे. पिठलं आहे, झुणका आहे, ताकाची कढी आहे, डाळकांदा आहे. कोकणातल्या घरात कुळथाचं पीठ असतंच, त्याची पिठी दहा मिनिटांत होते. खानदेशात शेवभाजी: कांदा-खोबरं भाजून वाटलेला काळा रस्सा आणि जेवायला बसताना त्यात जाड तिखट शेव. विदर्भात पाटवड्यांचा रस्सा, फक्त तो घाईच्या दिवसाचा नाही. सोलापूर-मराठवाड्याकडे हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्या. ज्याला यातलं काहीच जमत नाही, त्याने मऊ भात, मेतकूट, तूप आणि लिंबाचं लोणचं घ्यावं. ते आजाऱ्याचं जेवण आहे म्हणून नाक मुरडू नका.

माझ्या घरी अशा दिवशी बहुतेक वेळा पिठलंच होतं.

५. पिठल्यात गुठळ्या होतात. प्रत्येक वेळी.

दोन पद्धती आहेत आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात, तिथे गडबड होते.

पहिली, कालवून. एक वाटी बेसनात आधी अर्धी वाटीच गार पाणी घालायचं आणि दाट असतानाच हाताने फेटायचं. दाट पिठात गुठळी बोटांना लागते आणि मोडते, पातळ पिठात ती निसटते. गुळगुळीत झालं की आणखी एक वाटी पाणी घालून पातळ करा. कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा. कांदा मऊ झाला की दीड वाटी पाणी घालून उकळी आणा, मीठ घाला आणि मग एका हाताने पीठ ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. एकूण पाणी तीन वाट्या झालं. घट्ट झाल्यावर गॅस बारीक करून पाच-सात मिनिटं झाकण. कच्च्या बेसनाचा वास गेला आणि कडेने तेल दिसू लागलं की झालं.

दुसरी, पेरून. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ चिमटी-चिमटीने सोडायचं. यात बारीक गाठी राहतातच, राहायलाच हव्यात. त्याला गाठीचं पिठलं म्हणतात आणि काही घरांत तेच खरं पिठलं. तेव्हा तुमच्या गुठळ्या हरभऱ्याच्या डाळीएवढ्या असतील तर पदार्थाचं नाव बदला आणि वाढा. लिंबाएवढ्या असतील तर रवी फिरवा.

६. फोडणी एक तर कच्ची राहते नाही तर करपते.

तेल तापलंय का ते धुरावरून ओळखू नका, धूर आला म्हणजे उशीर झाला. मोहरीचा एक दाणा टाका. लगेच तडतडला तर उरलेली मोहरी घाला. मोहरी तडतडते कारण दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन ती साल फोडते. तेल कोमट असेल तर वाफ होत नाही, दाणा नुसता तळला जातो आणि कडू लागतो.

मोहरीचा आवाज ओसरायला लागला की जिरं, लगेच हिंग, मग कढीपत्ता, आणि गॅस बंद करून हळद. हिंग-हळदीचा वास आणि रंग तेलात उतरतो, पाण्यात तसा उतरत नाही, म्हणून दोन्ही फोडणीतच हवेत. लाल तिखट अगदी शेवटी, आणि त्याच्या मागोमाग भाजी किंवा पाणी. तिखट गरम तेलात दहा सेकंद जास्त राहिलं तरी काळं पडतं आणि घरभर ठसका लागतो. लसणाची फोडणी असेल तर लसूण मोहरीनंतर, बदामी होईपर्यंतच.

करपलीच तर ती फोडणी टाकून द्या. दोन चमचे तेल वाचवायला गेलात तर आख्खी आमटी कडू होईल.

७. तूरडाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी शिजत नाही. कुकर बिघडलाय का?

बहुतेक वेळा डाळ जुनी असते किंवा पाणी जड असतं. बोअरवेलच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून ठेवतं आणि दाणा फुटत नाही. पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी वापरून एकदा करून बघा, फरक लगेच कळतो. डाळ अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. शिजवताना हिंग, हळद आणि चमचाभर तेल घाला, तेलामुळे फेस वर येऊन शिट्टीत अडकत नाही.

चिंच, आमसूल, टोमॅटो डाळीसोबत कुकरमध्ये घालू नका. आंबटामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. आधी डाळ, मग आंबट.

चिमूटभर सोडा घातला तर डाळ पटकन गळते हे खरं, पण त्याने ब जीवनसत्त्वातलं थायमिन नष्ट होतं आणि चवही साबणासारखी होऊ शकते. मी घालत नाही. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून दहा-बारा मिनिटं ठेवा. कुकरमध्ये पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळतं, काम त्या तापमानाने होतं, शिट्टीच्या आवाजाने नव्हे.

८. वरण आणि आमटी यात नेमका फरक काय? आणि रोजची आमटी वेगळी कशी करायची?

साधं वरण म्हणजे शिजवलेली डाळ घोटून त्यात हिंग, हळद, मीठ, हवा तर गुळाचा खडा. वर फोडणी नाही, मसाला नाही, भातावर तूप-लिंबू. फोडणी, आंबट, गोड आणि मसाला आला की ती आमटी.

वेगळेपणा आणायला डाळ बदलायची गरज नाही, आंबट बदला. चिंच-गूळ आणि गोडा मसाला ही ब्राह्मणी घरांतली नेहमीची जोडी. आमसुलं आणि ओलं खोबरं घातलं की तीच डाळ कोकणात जाते. टोमॅटो, लसूण आणि काळा मसाला घातला की देशावर येते. उन्हाळ्यात कैरीच्या फोडी. शेवग्याच्या शेंगा, मुळा, लाल भोपळा यातलं एक काहीतरी घातलं तर भाजी वेगळी करावी लागत नाही. कटाची आमटी हा वेगळा विषय, ती पुरणाच्या दिवशीच होते, कारण तिला पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं वरचं पाणी लागतं.

९. भाकरी थापताना कडेने चिरते. यूट्यूबवर बघून सगळं केलं.

पीठ कधी दळलं होतं? हा माझा पहिला प्रश्न असतो. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे गव्हासारखी कणीक मळून ताण येत नाही. जो चिकटपणा असतो तो ताज्या पिठात असतो. पीठ जुनं झालं की तो जातो. त्याला "पिठाची विरी गेली" म्हणतात. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापता थापता तुटते, त्यात तुमचा हात दोषी नाही. बाजरीचं पीठ तर आठ-पंधरा दिवसांत कडवट होतं, कारण त्यात तेलाचा अंश जास्त असतो. थोडं थोडंच दळून आणा.

पीठ ताजं नसेल तर उकड घ्या. एक वाटी पिठाला पाऊण वाटी पाणी मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करून पीठ सोडा, उलथन्याच्या दांड्याने हलवा, पाच मिनिटं झाका. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि विरीचं काम तो करतो. मग परातीत घेऊन, हात सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रगडा. सगळं पीठ एकदम नाही, एका भाकरीपुरतंच. रगडून झालेला गोळा दाबला तर कडा फाटायला नकोत, फाटल्या तर पाण्याचा हात लावून आणखी रगडा.

तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं. ते पाणी पूर्ण सुकायच्या जरा आधी उलटायची. लवकर उलटली तर चिकटते, उशीर झाला तर भेगा पडतात. पाण्याची बाजू तव्यावर नीट भाजून घ्या आणि मग पहिली बाजू थेट जाळावर धरा. फुगेल. पहिली दोन-तीन वेळा नाही फुगणार, तेव्हा कुस्करून दुधात घाला.

१०. मळलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवली तर काळी का पडते? चालते का?

हवेशी संपर्क येऊन कोंड्यातल्या घटकांचा रंग बदलतो, कापलेल्या सफरचंदासारखं. वरून तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात ठेवली तर कमी काळी पडते. एक दिवस चालते. आंबूस वास आला किंवा तार सुटली तर टाका.

११. सकाळचा उरलेला भात रात्री फोडणीला घातला तर चालेल ना? आमच्याकडे वर्षानुवर्षं करतात.

भात कुठे ठेवला होता त्यावर आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीच्या उष्णतेनेही जात नाही. म्हणजे "चांगला परतून घेतला" हा बचाव इथे चालत नाही.

तेव्हा जेवण झाल्यावर भात पसरट डब्यात काढा, तास-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा आणि गरम करताना वाफ येईपर्यंत गरम करा. एकदाच. असा भात फोडणीला तर ताज्यापेक्षा चांगला, कारण शितं मोकळी झालेली असतात. मे महिन्यात कुकरमध्येच दिवसभर राहिलेला भात मात्र वासावर जाऊन खाऊ नका. बिघडलेला प्रत्येक भात वास मारतोच असं नाही.

आजीच्या काळी चालायचं, असं मला नेहमी सांगतात. आजी भात मोजून टाकायची. प्रश्न ३ पाहा.

१२. कढी फुटते.

ताक फार आंबट असेल आणि आच मोठी असेल तर फुटणारच. चार वाट्या ताकाला दोन चमचे बेसन गार असतानाच रवीने घुसळून घ्या, बेसन ताकातल्या प्रथिनांना गोळा होऊ देत नाही. मंद आचेवर सतत ढवळा, कडेने बुडबुडे येऊन कढी वर यायला लागली की उतरवा, खळखळ उकळू देऊ नका. मीठ शेवटी. परत गरम करतानाही हेच.

१३. उसळ करायची होती पण कडधान्य भिजवायला विसरले.

मसूर आणि हिरवे मूग न भिजवताही कुकरमध्ये होतात, पाणी थोडं जास्त घाला. मटकी, चवळी उकळत्या पाण्यात तासभर झाकून ठेवलीत तर निभतं, मोड नसतील एवढंच. हरभरे, छोले, वाटाणे यांना आज सोडा. कडव्या वालांच्या बिरड्याचं तर नावच नको, ते भिजवून, मोड आणून, सोलायचे असतात, दोन दिवस आधी आठवायला हवं.

राजम्याच्या बाबतीत पळवाट नाही. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं विषारी लेक्टिन असतं. भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळलंच पाहिजे. कुकरमध्ये पूर्ण मऊ झाला की काळजी नाही.

१४. अळूच्या भाजीने घसा खवखवतो. माझं काय चुकतं?

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. पानं आणि देठी पूर्ण गळेपर्यंत शिजवा आणि चिंच किंवा आमसूल सढळ हाताने घाला. चिरताना हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावा. हरभऱ्याची डाळ, दाणे, मुळ्याच्या चकत्या, गूळ आणि आंबट अशा फदफद्यात सहसा खवखवत नाही. एवढं करूनही खाजला तर ती जात खाजरी आहे, त्या भाजीवाल्याकडून अळू घेऊ नका.

१५. दुधी कडू निघाला. मसाला वाढवला तर चालेल?

अजिबात नाही. चिरण्याआधी देठाकडची छोटी चकती जिभेवर ठेवून बघा. कडू लागली तर थुंका आणि आख्खा दुधी टाका. दुधी, दोडका, काकडी यांत कधीकधी कुकरबिटासिन हे कडू द्रव्य वाढतं. ते शिजवून जात नाही आणि त्याने जोरदार उलट्या, जुलाब, रक्तस्रावापर्यंत मजल जाऊ शकते. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याला हा नियम लागू नाही.

१६. घरात एकाचा उपास आणि बाकीच्यांचं नेहमीचं. दोन स्वयंपाक टाळता येतात का?

आधी उपास कोणता ते बघा, कारण रात्रीचा सगळा हिशेब त्यावर आहे. संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो. म्हणजे रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकच, फक्त कांदा-लसूण नको आणि काहीतरी गोड हवं. वरण, भात, बटाट्याची पिवळी भाजी, कोशिंबीर आणि मोदक किंवा शिरा. चंद्र उशिरा असेल तर मुलांना आधी वाढा. श्रावणी सोमवारी बरीच घरं संध्याकाळी लवकर सोडतात.

एकादशी आणि महाशिवरात्र मात्र दुसऱ्या दिवशी सुटतात. त्या रात्री वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी सगळ्यांनाच वाढा, कुणी तक्रार करत नाही. एक वाटी वऱ्याला तीन वाट्या गरम पाणी. आमटीला दाण्याचं कूट, मिरची, जिरं वाटून, आमसूल आणि गूळ, तुपाची फोडणी. मोहरी, हिंग, हळद नको. जिरं आणि कोथिंबीर कुठे चालते, कुठे नाही, ते ज्याचा उपास त्याला विचारा, मला नको.

भगर फार दिवस ठेवू नका, आणि सुटं, उघड्यावर ठेवलेलं भगरीचं पीठ घेऊ नका. दमट हवेत तिला बुरशी लागते आणि उपासाच्या दिवसांत विषबाधेच्या ज्या बातम्या येतात त्यांत भगर बऱ्याचदा असते. निवडून, धुऊन, ताजी करा.

१७. मुलांना तिखट चालत नाही, सासऱ्यांना झणझणीत हवं, सासूबाईंना मीठ कमी सांगितलंय.

कमी तिखटाचं, कमी मिठाचं करा आणि ताटातलं डावं वाढवा. ठेचा, लसणाची चटणी, तळलेली मिरची ज्याची त्याने घ्यावी. आमटीला वरून लाल तिखटाची वेगळी फोडणी करून छोट्या वाटीत ठेवली तर सासऱ्यांना वाटतं खास त्यांच्यासाठी केलंय. तसं ते असतंच. मीठ कमी असेल तिथे लिंबू वाढवा. लोणचं-पापड मात्र सासूबाईंपासून दूर, सगळं मीठ तिथेच असतं.

१८. आमटी खारट झाली. बटाटा टाकला की मीठ शोषतो ना?

बटाटा खारट पाणी शोषतो, एकटं मीठ नाही. उरलेली आमटी तितकीच खारट राहते. खरा उपाय वाढवण्याचा. बिनमिठाची डाळ आणि पाणी घाला, किंवा नारळाचं दूध, किंवा दाण्याचं कूट, मग आंबट-गोड पुन्हा जुळवा. सुकी भाजी असेल तर बेसन पेरून वाफ आणा, ती पीठ पेरलेली भाजी होते आणि कुणाला काही कळत नाही.

१९. रात्री दही खाऊ नये, भात खाऊ नये, हे खरं का?

आयुर्वेदात रात्री दही वर्ज्य सांगितलंय, म्हणून बऱ्याच घरांत दही दुपारी आणि रात्री ताक. ज्यांना त्रास होत नाही त्यांनी खाल्लं तर आकाश कोसळत नाही. भाताचं म्हणाल तर कोकणात पिढ्यानपिढ्या रात्री भातच जेवतात. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्यांना नको.

२०. मासे खायचे आहेत पण रात्री वेळ नसतो. पावसाळ्यात तर ताजे मिळतही नाहीत.

मासे हा तर घाईचाच स्वयंपाक. बांगड्याला हळद, मीठ, आमसुलाचं पाणी, तिखट, आलं-लसूण लावून पंधरा मिनिटं ठेवा, रव्यात घोळवून तव्यावर टाका. भात, तळलेला मासा आणि सोलकढी अर्ध्या-पाऊण तासात होतं. वेळ साफ करण्यात जातो, तो बाजारात करून घ्या.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तो माशांच्या प्रजननाचा काळ. तेव्हा सुका बाजार. सोडे घालून वांगं-बटाटा, जवळ्याची चटणी, सुक्या बोंबलांचं कालवण. सुकी मासळी आधी कोरडीच तव्यावर भाजा, मग धुवा. खिडक्या उघड्या ठेवा आणि शेजाऱ्यांशी संबंध बरे असतील त्या दिवशीच करा.

२१. साडेआठला पाहुणे येतायत, आत्ता फोन आला.

मसालेभात, काकडीची कोशिंबीर, तळलेले पापड, ताक. मसालेभाताला गोडा मसाला, असतील त्या भाज्या, काजू किंवा दाणे, वरून ओलं खोबरं-कोथिंबीर आणि तूप. चाळीस मिनिटं. गोडाला शिरा. पोळ्यांच्या फंदात पडू नका, पाहुणे बाहेर आणि तुम्ही तव्यापाशी अशी वेळ येते.

२२. विचारलं की घरचे म्हणतात "काहीही कर". मग केलं की तोंड वाकडं.

मोकळा प्रश्न विचारायचाच नाही. "मेथी की पिठलं?" असं विचारा. दोनातलं एक सांगावंच लागतं आणि सांगितलं की जबाबदारी वाटली जाते. जो "काहीही" म्हणेल त्याने लसूण सोलायचा. आमच्याकडे हा नियम लागू झाल्यापासून मतं स्पष्ट यायला लागली आहेत.

२३. मी एकटीच राहते. एकट्यापुरतं करायचा कंटाळा येतो.

एकट्यापुरतं रोज करूच नका. रविवारी दीड वाटी तूरडाळ शिजवून, घोटून, गार करून चार छोट्या डब्यांत घाला, दोन फ्रीजमध्ये, दोन फ्रीझरमध्ये. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण एका डबीत. मूठभर मटकी शनिवारी रात्री भिजत टाका आणि रविवारी फडक्यात बांधून ठेवा. सोमवारी डाळीचा एक डबा, प्रश्न ६ मधली फोडणी, आमसूल, गूळ. मंगळवारी मटकीची उसळ, जमेल तर भाकरी, नाही तर पाव. बुधवारी दुसऱ्या डब्यात कणकेचे तुकडे सोडून वरणफळं. गुरुवारी बाहेर खा. शुक्रवारी कामावर जाताना फ्रीझरमधला डबा खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायला विसराल, तेव्हा मेतकूट संपलेलं नाही ना, ते आजच बघून ठेवा.